एक तारा कमी

चैतरामने साखर तोलता तोलता काटा मध्येच थांबवला, खिशातून मोबाइल काढला आणि काउंटरवरून गुणाकररावांच्या नाकासमोर धरला.

"काकाजी, हे तुमीच हाव ना?"

पडद्यावर गुणाकररावांचा फोटो होता. निवृत्तीच्या समारंभातला, गळ्यात झेंडूचा हार असलेला. फोटोशेजारी नाव, नावाखाली तीन पिवळे तारे आणि ताऱ्यांखाली त्यांचीच वाक्यं: 'तूरडाळीत खडे. साखर ओलसर. दुकानदार स्वभावाने चांगला, परंतु वजन करताना फार बोलतो. ग्राहकाने काट्याकडे लक्ष ठेवावे.'

गुणाकररावांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि परत खाली घेतला. वाक्यं होती तीच होती.

"हे तुले कुठं भेटलं?"

"भेटलं म्हंजे? माह्या दुकानाचं नाव टाका, निंगते. साऱ्या दुनियेले दिसते."

"साऱ्या दुनियेले?"

"हौ. जो पाहीन त्याले."

"पण मी तं मराठीत लिहिलं होतं. इथं हिंदी मुलखात मराठी कोण वाचते?"

"अक्षरं तं हिंदीचीच हायेत, काकाजी. आता खडे समजाले का शाळेत जा लागते?"

चैतराम रागावलेला नव्हता. उलट सकाळी सकाळी बोलायला विषय मिळाल्यामुळे तो खुशीतच होता. गुणाकरराव मात्र हादरले. कारण त्यांनी लिहिलेलं एवढंच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी ते गोंदियाहून बसने परत येत होते, तेव्हा खिशातला मोबाइल वाजला होता आणि त्याने विचारलं होतं, की आपण जाऊन आलेलं ठिकाण कसं वाटलं? सिंचाई विभागातून बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. घरात भाजी कोणती करायची हेसुद्धा नाही. ज्यांनी उभी हयात दुसऱ्यांच्या फायलींवर टिपणी लिहिण्यात घालवली, त्यांना ही विचारपूस फार आवडली. कुठेतरी कंपनीचं एखादं ऑफिस असणार, तिथे आपल्यासारखाच एखादा बाबू असणार, तो आपली टिपणी वाचून फायलीला लावणार, अशी त्यांची पक्की समजूत झाली. आपलं मत दहा हजार लोकांनी वाचलं, असंही मोबाइलने मध्यंतरी एकदा सांगितलं होतं. कंपनी मोठी असेल, एवढंच तेव्हा त्यांना वाटलं.

मग त्यांनी हात आखडता घेतला नाही. दाताचा डॉक्टर, मिक्सर दुरुस्त करणारा, स्टँडवरचा चहा, मिठाईचं दुकान. अंगाच्या साबणावरही त्यांनी लिहिलं होतं, 'फेस भरपूर, पण वडी चार आंघोळींत चपटी होते.' खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं, आणि आता तेच अंगाशी आलं होतं.

"हे पुसता येते का रे?"

"येते ना. ह्या तीन टिकल्या दाबा. हे पाहा." चैतरामने गुणाकररावांचा मोबाइल हातात घेतला आणि सर्वांत आधी स्वतःच्या दुकानाचे खडे साफ केले. "बाकीचं तुमचं तुमी पाहा. आणि साखर घेऊन जा, आज पाव्हणे येऊन राह्यले ना तुमच्याकडे?"

येणार होते. त्याचीच तर धास्ती होती.

आज दुपारी अपेक्षाची सुपारी फुटायची होती. दोन्हीकडची चार वडीलधारी माणसं बसतात, पाटावर सुपारी फोडतात, खांडं वाटून खातात आणि लग्न पक्कं होतं. एकदा सुपारी फुटली की शब्द गेला. त्यानंतर मागे फिरलेल्या मुलीबद्दल लोक काय काय बोलतात, ते गुणाकररावांनी इतरांच्या घरी पाहिलेलं होतं.

मुलाचे वडील भैयालाल यांचं गोंदियात जोड्या-चपलांचं दुकान होतं. स्थळ येण्याच्या वर्षभर आधी गुणाकररावांनी त्याच दुकानातून चप्पल घेतली होती आणि लिहिलं होतं, 'दोन महिन्यांत उसवली. मालक गोड बोलतो, पण बदलून देत नाही. दोन तारे.' स्थळ आलं तेव्हा दुकानाचं नाव ऐकून ते जरा चपापले होते, पण फायल कंपनीकडे आहे म्हणून निश्चिंत राहिले.

दुसरी टिपणी याहून वाईट होती. राजेगावच्या पुलाअलीकडे एक बार आहे. धान पाहून येतो असं घरी सांगून महिन्यातून एखाद्या वेळी गुणाकरराव तिथे बसत. दोन पेग, एक प्लेट भजी, मग तोंडात बडीशेप आणि परतीची बस. त्याबद्दलही त्यांनी लिहिलं होतं. पूर्ण नावानिशी, हारासकट.

प्रेमलताबाईंचा धाकटा भाऊ दारूत गेला होता. त्याची तेरवी झाली त्या दिवशी त्यांनी तान्ह्या अपेक्षाच्या डोक्यावर नवऱ्याचा हात ठेवून त्यांच्याकडून न पिण्याची शपथ घेतली होती. गुणाकररावांनी ती नोकरी असेपर्यंत पाळली आणि मग हळूच मोडली. आता पोरगी पंचविशीची झाली होती, शाळेत गणित शिकवत होती आणि लग्नासाठी तिने एकच अट घातली होती. पगार कमी चालेल, घर लहान चालेल, पण मुलगा पिणारा नको. भैयालालांनी मध्यस्थाजवळ छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, की आमचा गजेंद्र पान खात नाही, दारूचं तर नावच सोडा. अशा घरात, सुपारीच्या दिवशी, मुलीचा बापच बारात बसतो हे निघालं, तर तोंड कुठे लपवायचं?

घरी येताच गुणाकरराव मोबाइल घेऊन न्हाणीघरात शिरले आणि कडी लावून घेतली. बादलीवर पाट ठेवून ते त्यावर बसले. चप्पल आधी. पाहुणे तेच होते. तीन टिकल्या दाबताना अंगठा घामाने घसरत होता, पण दुकानाखालची टिपणी गेली. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि बार शोधायला घेतला. दोन वर्षांचं लिखाण होतं, सरता सरेना. आपण इतकं बोललो आहोत याचं त्यांना त्या अवस्थेतही नवल वाटलं. शेवटी सापडलं.

'जागा शांत. केबिनला पडदा असल्यामुळे ओळखीच्या माणसाच्या नजरेस पडण्याची भीती नाही. मुगाची भजी उत्तम. वेटर महागू हा वयस्कर व अदबशीर आहे. मात्र समोरच्या टेबलावर मागे लाल पट्टी असलेले पांढरे बूट घालणारा एक तरुण वरचेवर असतो. जास्त झाली की आईबहिणीवरून शिव्या देतो. एकदा त्याने महागूवर हात टाकला. व्यवस्थापनाने लक्ष द्यावे. या कारणास्तव एक तारा कमी.'

लिहिलंय मात्र छान, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात दारावर थाप पडली.

"झोपले का आत?" प्रेमलताबाईंचा आवाज होता. "खुर्च्या आणाच्या आहेत शेजारून. आणि पाव्हणे पोहोचलेच समजा, त्यांचा फोन आलता."

गुणाकररावांनी मोबाइल खिशात टाकला. आणखी दोन क्षण मिळाले असते तर काम झालं असतं. पण खुर्च्या आणल्या, सतरंजी सारखी केली, तोवर फाटकाशी गाडी थांबली.

भैयालाल, त्यांचे थोरले भाऊ प्रेमलाल आणि गोंदियाची दोन जाणती माणसं आली. नवरा मुलगा सुपारीला येत नाही, तशी रीतच आहे. पाय धुणं झालं, कुंकू लागलं, चिवडा आणि रव्याचे लाडू पुढे आले. अपेक्षाने येऊन पाणी दिलं आणि वाकून नमस्कार केला. भैयालालांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. गुणाकरराव त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. वाचलं असेल का? वाचलं असतं तर आले असते का? की चारचौघांत बोलायचं म्हणूनच आले?

"चिवडा बढिया आहे," प्रेमलाल म्हणाले. "घरचा का दुकानातला?"

एरवी या प्रश्नावर गुणाकररावांनी पोह्यांच्या जातीपासून तेलाच्या पिपापर्यंत सगळं सांगितलं असतं. आज ते लाडवाकडे पाहत बसले होते.

"बोला ना," प्रेमलताबाई पदर सावरत हसल्या. "रोज तं काडीपेटीवरही भाषण देतात. आज काहून गप्प?"

"घरचाच आहे," गुणाकरराव म्हणाले.

भैयालालही हसले. मग त्यांनी ताटली खाली ठेवली.

"साहेब, जरा हात धुवाचे होते. नळ मागं आहे ना? चला, दाखवा मले."

हात धुण्यासाठी बैठकीतच पाण्याचा गडवा आणि तस्त ठेवलं होतं. भैयालालांनी त्याकडे पाहिलंदेखील नाही. गुणाकरराव त्यांच्यामागून अंगणात गेले.

भैयालालांनी नळ सोडला आणि सोडलेलाच ठेवला.

"एक गोष्ट बोलाची होती. आत बोलता येत नव्हती."

"ते चपलेचं मी सकाळीच काढून टाकलं," गुणाकरराव घाईघाईने म्हणाले. "तेव्हा मले माहीत नव्हतं, का..."

"चपलेचं?" भैयालालांनी ओला हात हवेत झटकला. "ते सोडा हो. चप्पल हाये, उसवतेच. मी त्या राजेगावच्या बाराचं बोलून राह्यलो."

गुणाकररावांची नजर आपोआप सैपाकघराच्या खिडकीकडे गेली. आत भांडी वाजत होती.

"घाबरू नका. मी कोणाले सांगत नाही. आमच्या दुकानाखाली तुमचा फोटो दिसला, त्यावर बोट लागलं, तं तुमचं सारंच निंगालं. रात्रभर वाचत बसलो. बारवालंही वाचलं." भैयालालांनी आवाज आणखी खाली आणला. "खोटं कशाले बोलू? त्या दिवशी आमच्या घरी कोणी जेवलं नाही. म्हटलं, झालं. मोडलं पोराचं लगन. आता हे नाही म्हणतीन. आणि दुसऱ्या दिवशी तुमचाच निरोप आला, सुपारीले या म्हणून. मी बायकोले सांगतलं, माणूस समजदार आहे. सारं डोळ्यानं पाहून पोटात घातलं त्यानं."

"काय पाहून?"

"आता लाजवता काहून? मागं लाल पट्टीचे पांढरे बूट. तसली एकच जोडी आलती दुकानात. गजेंद्रनं विकू दिली नाही, स्वतःच घातली." भैयालालांनी नळ जरासा कमी केला. "पोरगा वाईट नाही. धंद्याचं टेन्शन असते. लगन झालं का सुधरते, पोरगी हुशार आहे तुमची. फक्त ते लिहिलेलं तेवढं पुसून टाका. उद्या तिच्या पाहण्यात आलं तं फुकटचा वांधा. आणि तुमचंही झाकून जाईन. घरी माहीत नसीन ना?"

गुणाकररावांनी मान हलवली. हो की नाही, ते त्यांनाही कळलं नाही.

"आता आपण इवाई झालो," भैयालालांनी व्याह्याच्या हक्काने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हात ओला होता. "इवायानं इवायाचं झाकावं."

ते रुमालाला हात पुसत आत गेले. गुणाकरराव नळापाशीच उभे राहिले.

गजेंद्र मुलगी पाहायला आला होता तो याच घरी. बूट बाहेर काढून, सोफ्यावर अनवाणी पाय जुळवून बसला होता. चहा कोणता आवडतो असं गुणाकररावांनी विचारलं, तेव्हा मान खाली घालून म्हणाला होता, "सारंच चालते." किती गुणी पोरगा, असं त्यांना वाटलं होतं. बारातल्या माणसाचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. आपलं तोंड दिसू नये म्हणून ते पडदा ओढून बसायचे. पडद्याखालून दिसायचे ते फक्त पाय.

त्या संध्याकाळी त्यांना आधी शिव्या ऐकू आल्या होत्या, मग फाडकन आवाज झाला आणि ग्लास फुटला. पडद्याखाली महागूचा म्हातारा हात फरशीवर काचा गोळा करत होता. पांढरे बूट मागे सरले नाहीत. हात त्यांच्या दोन्ही बाजूंनी फिरून काचा वेचत राहिला. थोड्या वेळाने महागू केबिनमध्ये आला. त्याचा एक गाल लाल झालेला होता.

"और कुछ, साहब?" त्याने विचारलं होतं.

गुणाकररावांनी पडदा बाजूला केला नव्हता. बाहेर कोण आहे ते पाहिलं नव्हतं, कारण पाहायला गेलं तर दिसावंही लागतं. भजी संपवली, बस पकडली आणि बसमध्ये बसल्या बसल्या एक तारा कमी केला. मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं त्यांना. आता त्याची लाज वाटली. काचा वेचणारा तो हात उद्या अपेक्षाचा असू शकतो, हा विचार त्यांनी पुरा होऊ दिला नाही, तरी तो पुरा झालाच.

त्यांनी मोबाइल काढला. टिपणी न्हाणीघरात उघडली होती तशीच उघडी होती. तीन टिकल्याही होत्या. दाबल्या की सकाळपासूनचा सगळा घोर संपणार होता. प्रेमलताला कधी कळणार नव्हतं. पोरगी बापाकडे पाहते तशीच पाहत राहणार होती. गजेंद्रबद्दल एकांतात काहीतरी बोलून टाकू, अशी एक पळवाटही त्यांच्या डोक्यात येऊन गेली. पण तुम्हाला कसं माहीत, असं अपेक्षा विचारणार. ती गणिताची मास्तरीण होती, पायरी गाळलेली तिला चालत नसे. आणि नुसत्या ऐकीव गोष्टीवर सुपारी थांबत नाही. भैयालाल परत छातीवर हात ठेवतील आणि सगळे त्यांचं ऐकतील.

"साहेब," आतून प्रेमलालांची हाक आली. "या ना, सुपारी ठेवली पाटावर. तुमचीच वाट आहे."

गुणाकरराव बैठकीत गेले नाहीत. मागच्या दाराने सैपाकघरात आले.

अपेक्षा ओट्याला टेकून उभी होती. नव्या साडीच्या निऱ्या पुन्हा पुन्हा चिमटीत धरून सोडत होती. प्रेमलताबाई चहा गाळायच्या तयारीत होत्या आणि गॅसवर दुसरं भांडं उकळत होतं.

"कुठं होते तुमी?" त्या म्हणाल्या. "तिकडं सारे खोळंबले."

गुणाकररावांनी मोबाइल अपेक्षापुढे धरला.

"हे वाच."

"आत्ता? बाबा, तिकडं..."

"आत्ताच. सुपारी फुटाच्या आधी. मोठ्यानं वाच, तुह्या आईलेही ऐकू दे."

"काय आहे?" प्रेमलताबाईंनी विचारलं.

त्यांना सांगायचं होतं. शपथेचं, बसचं, बडीशेपेचं. पण तोंडातून एवढंच निघालं, "मी लिहिलं आहे. यात एक पांढऱ्या बुटाचा माणूस येते. तिचं वाचून झालं का तो कोण, ते मी सांगतो."

अपेक्षाने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा आईकडे पाहिलं. मग मोबाइल दोन्ही हातांनी धरला आणि वर्गात पोरांना वाचायला लावते तसं अगदी वरून, नावापासून वाचायला सुरुवात केली. नाव वाचलं. त्याखाली बाराचं नाव होतं, तिथे ती अडखळली. तेही वाचलं. चार तारे, म्हणाली. जागा शांत, म्हणाली.

बैठकीतून पुन्हा हाक आली. भांड्यातलं पाणी खळखळत होतं, आणि अपेक्षाचा आवाज बारीक होत चालला होता. नीट ऐकू यावं म्हणून प्रेमलताबाईंनी गॅस बंद केला.